अंडं पोटात, धाप चोचीत

परसातली कोंबडी : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत दोनच तक्रारी पुन्हा पुन्हा आल्या आहेत : कोंबडी अंडं देत नाही आणि कोंबडीला धाप लागते. बऱ्याच जणांनी या दोन वेगळ्या व्याधी धरून दोन वेगळी औषधं आणली आहेत. लहान चणीच्या कोंबडीत त्या पुष्कळदा एकच असतात, म्हणून पहिल्या प्रश्नाला जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, नमस्कार. आम्ही जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर राहतो. मुलीनं हौसेनं पाळलेली छोटी बँटम कोंबडी आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन ८०० ग्रॅम भरलं. संक्रांतीपासून दिवसाआड अंडं द्यायची. गेल्या आठवड्यात दोन अंडी कवचाशिवाय, नुसत्या पापुद्र्यात आली. काल सकाळपासून अंडं नाही. शेपूट पाडून, पाय फाकवून उभी राहते, मधूनच कुंथते. चोच उघडी असते आणि प्रत्येक श्वासाला शेपूट खालीवर होते. खायला ज्वारी आणि भाकरीचा कुस्करा. दुकानदारानं सर्दी म्हणून अँटिबायोटिकची पावडर दिली आहे. चालू करू का?

उत्तर : पावडर तशीच राहू द्या. आधी पोट चाचपा.

कोंबडीला आपल्यासारखा छाती आणि पोट वेगळं करणारा पडदा नसतो. तिची फुफ्फुसं लहान आणि बरगड्यांना चिकटलेली असतात. हवा आतबाहेर खेळवायचं काम हवेच्या पिशव्या करतात आणि त्यातल्या दोन मोठ्या पिशव्या थेट पोटात असतात. तिथे अंडं अडून बसलं किंवा पाणी साठलं की पिशव्यांना फुगायला जागा उरत नाही. मग ती चोच उघडते आणि शेपटीच्या स्नायूंचा जोर लावून श्वास ओढते. नाक कोरडं, डोळे स्वच्छ, शिंक नाही, घशात घरघर नाही आणि तरीही धाप, असं दिसलं की कारण बहुधा पोटात असतं. तुमच्या कोंबडीचं वर्णन वाचून अंडं अडल्याचीच शंका येते.

तपासताना तिला उताणी करू नका. पोट भरलेल्या कोंबडीला पाठीवर टाकलं तर ती हातातच गुदमरू शकते. छातीभोवती घट्ट मूठही नको, कारण तिची छाती हलली तरच श्वास चालतो. टेबलावर उभी ठेवून एका हातानं पंख सैल धरा. दुसरा हात मागून दोन पायांच्या मध्ये, गुदद्वाराच्या खाली न्या. तिथे लिंबासारखं गोल, कडक काही लागलं तर ते अंडं. पाणी भरलेल्या फुग्यासारखं मऊ, डुचमळणारं लागलं तर पोटात पाणी किंवा फुटलेला बलक असू शकतो. तसं असेल तर पुढचे घरगुती उपाय करू नका, सरळ दवाखाना गाठा. हाताला काहीच कळलं नाही तर पातळ मोजा घालून, पॅराफिन तेल लावून, करंगळी गुदद्वारातून सरळ आत फार तर दोन पेरं न्यायची. कवच टोकाला लागतं. ती विरोध करू लागली तर थांबा.

अंडं अडलं असेल तर क्रम असा. पसरट टबात तिची मांडी बुडेल इतकं पाणी घ्या. पाण्याचं तापमान ३८ ते ३९ अंश हवं. ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर पाण्यात धरला की नेमकं कळतं. कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळात ४१ ते ४२ अंश असतं, त्यामुळे हे पाणी तिला सोसतं. पंधरा-वीस मिनिटं बसवा, डोकं आणि छाती पाण्याबाहेर राहील असं बघा. धाप वाढली तर लगेच काढा. मग टॉवेलनं टिपून गुदद्वाराच्या कडेनं पॅराफिन किंवा खोबरेल तेल लावा आणि अंधाऱ्या, शांत खोक्यात ठेवा. इंटरनेटवरच्या व्हिडिओत यानंतर दिव्याची ऊब द्यायला सांगतात. ते व्हिडिओ थंड मुलखातले आहेत. सोलापुरात उन्हाळ्यात खोलीच ३५ अंशांवर असते, तिथे बल्ब लावणं म्हणजे अडलेल्या कोंबडीला भाजणं. खोक्याजवळ २८ ते ३० अंश पुरे.

त्याच वेळी कॅल्शियम द्यायचं. अंडं पुढे ढकलणारा गर्भाशयाचा स्नायू कॅल्शियमशिवाय आकसत नाही. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की अंडं तयार असतं आणि कळाच येत नाहीत. औषधाच्या दुकानात मिळणारी ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि डी-३ जीवनसत्त्वाची गोळी घ्या. ८०० ग्रॅमच्या कोंबडीला अर्धी गोळी, तिचे दोन-तीन तुकडे करून, जिभेच्या मागे एकेक ठेवा. दिवसातून एकदा, तीन दिवस. पातळ औषधापेक्षा तुकडे बरे, कारण धाप लागलेल्या कोंबडीच्या श्वासनळीत पातळ औषध चटकन जातं.

पोट दाबून अंडं बाहेर काढायचा प्रयत्न कधीही करू नका. आत अंडं फुटलं तर कवचाच्या धारेनं गर्भाशय चिरतो, बलक पोटात सांडतो आणि जंतुसंसर्गानं कोंबडी दगावू शकते. ऑक्सिटोसिनचं, म्हणजे कळा आणणारं, इंजेक्शन आणून टोचणारेही असतात. वाट सैल झालेली नसेल किंवा अंडं आतल्या अस्तराला चिकटलेलं असेल तर त्या इंजेक्शननं गर्भाशय फाटतो. तो निर्णय पशुवैद्यकाचाच. ते कॅल्शियम टोचून देऊ शकतात आणि वेळ आलीच तर सुईनं अंड्यातला द्रव ओढून घेऊन ते लहान करतात.

सर्वसाधारणपणे अडलेल्या कोंबडीला पहिल्या लक्षणापासून चोवीस तास धरायचे. तुमचा एक दिवस गेलेला आहे आणि चोच उघडी आहे, म्हणजे एकदा शेक, एकदा गोळी आणि तीन-चार तास एवढीच वाट बघा. अंडं आलं नाही तर आजच दवाखान्यात न्या. जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना माहीत नसेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकाची चौकशी करता येते. नेताना सकाळी दहाच्या आत किंवा ऊन उतरल्यावर, भोकं पाडलेल्या खोक्यात, खाली ओलसर फडकं घालून. भर दुपारी रिक्षात कोंबडी अंड्यानं न मरता उष्म्यानं मरते.

आता हे झालं कशानं? तुम्ही पत्रातच लिहिलं आहे : ज्वारी आणि भाकरी. हिशेब करून बघा. बँटमचं अंडं साधारण ३५ ग्रॅमचं, त्यात कवच साडेतीन ग्रॅमच्या आसपास आणि त्या कवचात सव्वा ग्रॅमहून थोडं जास्त कॅल्शियम. खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही, म्हणून अंड्याच्या दिवशी पोटात दोन ते अडीच ग्रॅम जायला हवं. ही कोंबडी दिवसाला ५० ते ६० ग्रॅम खाते. ५० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम असतं जेमतेम १३ मिलिग्रॅम. बाकीचं ती स्वतःच्या हाडांतून उपसते. हाडांतला साठा आटला की पहिल्यांदा कवच पातळ होतं, मग पापुद्र्याची अंडी येतात, मग अंडं अडतं. गेल्या आठवड्यातली ती दोन अंडी म्हणजे सूचनाच होती.

बरी झाल्यावर मुख्य खाणं लेअर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, ठेवा. त्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं. ज्वारी मूठभर, खाऊ म्हणून. शिवाय वेगळ्या वाटीत शिंपल्यांचा चुरा किंवा अंड्यांची कवचं. कवचं तव्यावर दहा मिनिटं भाजून, तूरडाळीच्या दाण्याएवढी ओबडधोबड कुटायची. एक चमचा चुऱ्यात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळतं. पीठ करू नका. अंडं गर्भाशयात वीसेक तास असतं आणि कवचाचा बराच भाग रात्री चढतो. जाड तुकडे रात्रभर पोटात हळूहळू विरघळत राहतात, पीठ संध्याकाळीच निघून जातं. म्हणूनच वाटी संध्याकाळी भरायची. पानाचा चुना मात्र नको, तो दाहक असतो आणि चोच, घसा भाजतो. आणखी एक : फ्लॅटमधल्या कोंबडीला काचेआडचं ऊन कामाचं नाही. कॅल्शियम अंगी लागायला डी-३ लागतं आणि ते उघड्या उन्हातच तयार होतं. सकाळचा अर्धा तास गॅलरीत सोडा.

प्रश्न : अक्कलकोट रोडला यंत्रमागाच्या शेडलगत पत्र्याच्या खुराड्यात सात गावरान कोंबड्या आहेत. दुपारी सगळ्याच चोची उघडून धापा टाकतात, रात्री ठीक असतात. अंड्यांची कवचं हाताच्या दाबानं पिचकतात. शिंपले चालू आहेत. रोग समजायचा का?

उत्तर : सगळ्या एकाच वेळी, फक्त दुपारी, म्हणजे रोगापेक्षा ऊन. कोंबडीला घाम येत नाही, तोंडावाटे वाफ सोडूनच ती अंग थंड करते. सकाळच्या गारव्यात शांत बसलेली कोंबडी मिनिटाला २० ते ३५ वेळा श्वास घेते, उन्हात हाच आकडा दीडशेच्या पुढे जातो. सकाळी सहाला घड्याळ लावून मोजा. तेव्हाही धाप असेल तर मात्र तपासणी करा.

शिंपले खाऊनही कवच पातळ का, हे या धापेतच दडलं आहे. भराभर श्वास सोडताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यातल्या कार्बोनेटला लागणारा कच्चा माल म्हणजे हाच वायू. शिवाय उन्हात खाणं बरंच कमी होतं. एकीकडे कॅल्शियम कमी, दुसरीकडे कार्बोनेट कमी. शिंपले दुप्पट केले तरी हा प्रश्न सुटत नाही, पत्रा थंड केला तर सुटतो.

पत्र्याला वरून चुन्याचे दोन हात द्या आणि त्यावर कडब्याचा वीतभर थर टाका. बाजूंना गोणपाट टांगून अकरा ते पाच ओलं ठेवा, पण दोन समोरासमोरच्या बाजू मोकळ्या राहू द्या. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असल्यानं ओलं गोणपाट आणि वाळ्याचा कूलर चांगलं काम करतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की हीच युक्ती उलटते. खाणं सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर द्या. अन्न पचताना अंगात उष्णता तयार होते, ती भर दुपारी नको. पाणी मातीच्या भांड्यात, दर दोन तासांनी बदलून. एक लिटरचं ओआरएसचं पाकीट दोन लिटर पाण्यात मिसळून दुपारी तीन-चार तास ठेवायला हरकत नाही, उरलेलं ओतून द्या. मान टाकलेली कोंबडी दिसली तर साध्या पाण्यात पाय आणि पोटाखालची पिसं भिजवा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

शेडमधला कापसाचा भुरका खुराड्यात येतो का, तेही बघा. जाळीवर पांढरा थर साचत असेल तर तो तिच्या श्वासातही जातो. खुराड्याचं तोंड दुसरीकडे फिरवा.

प्रश्न : मंगळवार बाजारातून एक तलंग (तरुण कोंबडी) आणली. आठ दिवसांत घरच्या चारही कोंबड्या शिंकायला लागल्या. एकीच्या डोळ्यात फेस, एकीचा गाल सुजून वास येतो. एकीची अंडी सुरकुतलेली, पांढरं पाण्यासारखं. डॉक्सीसायक्लिन आणलंय. किती द्यावं?

उत्तर : हे खरं सर्दीचं दुखणं. डोळ्यात फेस आणि घशात घरघर हे मायकोप्लाझ्माचं लक्षण, ज्याला पोल्ट्रीवाले सीआरडी म्हणतात. गाल सुजून दुर्गंधी येणं हे कोरायझाचं. आणि शिंकांबरोबर सुरकुतलेलं कवच, पाणचट पांढरं हे सांसर्गिक ब्रॉन्कायटिसचं. तो विषाणू श्वासनळी आणि अंडनलिका दोन्हींवर बसतो, त्याच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. दोन-तीन रोग एकत्र असणंही नवलाचं नाही. म्हणून मात्रा पत्रातून सांगण्यात अर्थ नाही, कोंबड्या तपासून आणि वजन करूनच ती ठरते.

पण एक गोष्ट आत्ताच सांगतो, कारण यात पैसे आणि दिवस दोन्ही वाया जातात. डॉक्सीसायक्लिनच्या घराण्यातली औषधं कॅल्शियमला चिकटतात आणि रक्तात न जाता शिटेतून निघून जातात. लेअर मॅश आणि शिंपले पोटात असताना ते पाण्यातून दिलं की ‘औषध लागू पडत नाही’ अशी तक्रार येते. उपचार डॉक्सीचाच ठरला तर त्या दिवसांत शिंपल्यांची वाटी कधी काढायची आणि कधी ठेवायची, हे पशुवैद्यकाला विचारून घ्या. टायलोसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकला ही अडचण नाही. औषध चालू असताना आणि नंतर ते सांगतील तितके दिवस अंडी खाऊ नका, शेजारी वाटूही नका.

कोरायझा आणि मायकोप्लाझ्मातून बरी झालेली कोंबडीही रोग अंगात बाळगते. यापुढे नवी कोंबडी आणली की तीन आठवडे वेगळ्या जागी, वेगळ्या भांड्यात ठेवा. रोज आधी जुन्यांना खाणं द्या, मग नवीला.

हिरवी पातळ शीट, मान पिळवटणं किंवा पाय लुळे पडणं यातलं काही दिसलं तर ती मानमोडी, म्हणजे राणीखेत असू शकते. त्याला औषध नाही, लसच. पिलांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी ही लस टोचायची. लसीची कुपी शंभर-शंभर मात्रांची येते आणि पाण्यात कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. चार कोंबड्यांसाठी कुणी फोडत नाही, म्हणून गल्लीतल्या सगळ्यांनी एक दिवस ठरवून घ्यावी. आणि तुरे निळे पडून एकाएकी बऱ्याच मेल्या, तर मेलेल्या कोंबडीला हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवा. २००६ मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू असाच समोर आला होता.

प्रश्न : मी सातवीत आहे. बार्शीजवळ आमचं गाव आहे. माझी कोंबडी मान लांब करून जांभई दिल्यासारखी चोच उघडते. तोंडात पांढरे ठिपके आहेत. आजी म्हणते नखानं काढून टाक. काढू का?

उत्तर : नको काढूस, आजीलाही हे वाचून दाखव. बॅटरीच्या उजेडात कुणाला तरी कोंबडी धरायला सांग आणि नीट बघ. ठिपके राजगिऱ्याच्या दाण्याएवढे, सुटे सुटे असतील आणि डोळेही सुजल्यासारखे असतील तर ए जीवनसत्त्व कमी पडलेलं असतं. आपली पांढरी शाळू ज्वारी माणसाला चांगली, पण तिच्यात हे जीवनसत्त्व जवळजवळ नसतं. नुसत्या ज्वारीवरच्या कोंबडीच्या तोंडाचं अस्तर खडबडीत होतं आणि मग जंतू शिरतात. शेवग्याचा पाला रोज मूठभर बारीक चिरून दे, गाजर किसून दे, ज्वारीतली निम्मी काढून पिवळा मका घाल. माणसांच्या जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल देऊ नकोस, जास्त झालं तर तेही बाधतं.

पिवळट, खरवसासारखा थर चिकटून बसला असेल तर ती तोंडातली देवी (कोंबड्यांचा देवीरोग) असू शकते. ती डासांमुळे पसरते. तो थर ओढला की रक्त येतं आणि सूज येऊन श्वासाची वाट बंद होते, म्हणून नख लावायचं नाही. घरी कबुतरं असतील तर त्यांच्याकडूनही असा थर येणारा एक रोग येतो. घशाच्या तळाशी लाल, इंग्रजी वाय अक्षरासारखे किडे दिसले तर ते श्वासनळीतले जंत, गांडुळं आणि गोगलगायी खाल्ल्यानं होतात. ते पिलांत जास्त, मोठ्या कोंबडीत कमी. यातलं काहीही असलं तरी दवाखान्यात दाखवावं लागेल, फक्त काय दिसलं ते वहीत लिहून ने.

प्रश्न : औषध पाजलं की कोंबडी ठसकते आणि नंतर दोन दिवस घरघरते. चोच उघडून सिरिंजनं सरळ घशात सोडते.

उत्तर : तिथेच चुकतं, ताई. कोंबडीच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशी, अगदी मध्यावर असतं, तुमची सिरिंज थेट त्यावर रिकामी होते. चोचीच्या कडेला एकेक थेंब ठेवा, ती स्वतः गिळते. घाई असेल तर सिरिंजचं टोक तिच्या उजव्या बाजूनं, जिभेच्या मागे न्या आणि एका वेळी अर्धा मिलिलिटरच सोडा. तिनं गिळल्यावर पुढचा.

प्रश्न : आमची कोंबडी दुसऱ्यांदा अडली. अंडी नकोतच, ती जगली पाहिजे. अंडी थांबवता येतील का?

उत्तर : काही काळ येतात. अंड्याचं चक्र उजेडावर चालतं. १४ ते १६ तास उजेड असला की जोर धरतं, ८ ते १० तासांवर आणलं की एक-दोन आठवड्यांत मंदावतं. सकाळी आठपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर खुराडं काळ्या कापडानं झाका, पण हवा खेळती ठेवून. मे महिन्यात बंद अंधारं खुराडं म्हणजे भट्टी, तेव्हा जमत नसेल तर घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा. रात्री ट्यूबलाइटखाली ती जागी राहत असेल तर बाकी सगळं व्यर्थ. अंडी साठून दिसली की ती खुडूक (अंडी उबवायला) बसते, तेव्हा अंडी उचलू नका आणि तिला त्या जागेवरून हलवूही नका. खुडूक कोंबडी अंडं देत नाही. खाणं-पाणी दिवसातून दोनदा समोर ठेवून तीन आठवडे बसू द्या, तिला तेवढीच विश्रांती. लेअर मॅश या काळात निम्म्यावर आणा. कवचांची वाटी मात्र राहू द्या, हाडं भरून यायला तिला ती लागेल.